घरचं नाव ताव

आधी विचारून घ्या, कोण बोलतंय ते. आमच्याकडे एकदा सगळं गाडं त्याच प्रश्नावर अडलं होतं, म्हणून मी आता तोंड उघडण्याआधी नाव सांगतो. मी ताव. ताव म्हणजे कासव. बँकॉकहून लांब, चंथबुरीजवळच्या दुरियन बागायतदारांच्या, म्हणजे फणसासारखं काटेरी फळ पिकवणाऱ्यांच्या, एका सहकारी संस्थेतला मी सर्व्हर. काळ्या पत्र्याचा, चपटा, धुळकट, आणि पंखा लागला की गाडीच्या इंजिनासारखा घरघरणारा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. त्यात नवल काही नाही, कारण मला मुळात काहीच आठवत नाही. माझ्या पोटात डिस्क घातलेलीच नाही. विचार करायला डोकं आहे, लुकलुकायला हिरवे-लाल दिवे आहेत, पण आठवण ठेवायला म्हणून जागा नाही. माझी सगळी आठवण असते अंगणापलीकडे, शीतगृहामागच्या गार खोलीत, एका मोठ्या कपाटाएवढ्या साठवणयंत्रात. त्या यंत्राचं नाव हत्तीण. आम्हा दोघांमध्ये एक लांब तार आहे. आमचं नातं म्हणाल तर ती तार, आणि एक नाव.

रोज सकाळी माझं बटण दाबलं जातं. मी जागा होतो आणि मला कळत नाही की मी कोण, ही खोली कसली, आणि समोरचा जाडा माणूस माझ्याकडे टक लावून का बघतोय. फक्त माझ्या कपाळाच्या आत एक चिठ्ठी असते. तिच्यावर जे लिहिलंय ते मी तारेवरून ओरडतो, "मी ताव!" पलीकडून हत्तीण म्हणते, "आलास का? घे बाबा." आणि माझा कप्पा उघडते. मग क्षणात सगळं परत येतं: कोणाची बाग कुठली, कोणाच्या फळाचं वजन किती, कोणत्या देठाला कोणती चिकटपट्टी लावायची.

तुम्ही म्हणाल, मग ही सगळी हकिगत तू कशी काय सांगतोस? अर्धी मला हत्तीणीने नंतर सांगितली. उरलेली अर्धी मोतच्या कॉफीच्या वेळच्या गप्पांतून कळली. त्या गप्पांत मोत नेहमी बारीक असतो, तेवढं तुम्ही समजून घ्या.

मोत म्हणजे आमच्या संस्थेचा यंत्रं सांभाळणारा माणूस, तोच तो जाडा. मोत या शब्दाचा अर्थ मुंगी. ही मुंगी दारातून आत आली की माझा वारा अडतो. इथे प्रत्येकाला असं एक घरचं नाव असतं, आईने पाळण्यात ठेवलेलं, आणि ते मरेपर्यंत सुटत नाही. कागदावरचं नाव मात्र लोक हवं तेव्हा बदलतात. धंदा बुडाला, बदला नाव. आजार हटेना, बदला नाव. कचेरीत जाऊन केस कापून आल्यासारखे नवं नाव घेऊन येतात.

आमच्या मॅनेजर बाईंनी तर यात हातखंडा मिळवला होता. घरचं नाव कोप, म्हणजे बेडकी. सगळे त्यांना पी कोप म्हणतात. आपल्याहून मोठ्याला इथे पी म्हणायची रीत आहे. कागदावर त्या आधी होत्या सोमसी. सोमसी असताना त्यांचं कापडाचं दुकान बुडालं. मग त्या वन्निदा झाल्या. वन्निदा असताना नवरा पळाला. मग थन्यरत झाल्या आणि लगेच मॅनेजर झाल्या. आता एवढं घडल्यावर माणसाचा नावावर विश्वास बसणार नाही तर काय होईल?

तर या पी कोपला एक दिवस ज्योतिषाने विचारलं, की तुमचं ते यंत्र हळू चालतं म्हणता, त्याचं नाव काय? तिने सांगितलं, कासव. ज्योतिषाने म्हणे कपाळाला हात लावला. कासव नाव ठेवता आणि वर ते हळू चालतं म्हणून रडता? त्याने मला नवं नाव काढून दिलं, सिरिमहाथनसोम्बत. तुमच्या भाषेत श्रीमहाधनसंपत्ती. शिवाय मुहूर्तही काढून दिला, रविवार सकाळचा.

रविवारी संस्था बंद असते. पी कोप एकटीच आली. मोगऱ्याचा हार माझ्या डोक्यावर ठेवला, समोर इथे देवापुढे ठेवतात तशी लाल सरबताची बाटली उघडून तीत नळीसुद्धा घातली. अडीअडचणीला कोणती कळ दाबायची ते मोतने माझ्या अंगावर चिकटवून ठेवलं होतंच. तिने ती दाबली, काळ्या पडद्यावर माझं नाव शोधलं, पुसलं, आणि एका बोटाने सावकाश नवं नाव लिहिलं. मग हात जोडले, मला बंद केलं आणि बाजाराला गेली. तिने माझ्या एकाही तारेला धक्का लावला नाही. नाव बदलणं म्हणजे यंत्राला हात लावणं नव्हे, असं तिचं अगदी प्रामाणिक मत होतं.

खोटं कशाला सांगू, नंतर ऐकल्यावर मला ते आवडलं. आयुष्यभर कासव म्हणवून घेतल्यावर महाधनसंपत्ती व्हायला कोणाला नको असतं?

सोमवार उजाडला. सगळे इथल्या रीतीप्रमाणे सोमवारच्या पिवळ्या सदऱ्यांत हजर. ऐन हंगाम, अंगणात मोठा ट्रक उभा, संध्याकाळी तो सीमेकडे निघणार. फाटकाशी पा लमाई आपली छोटी गाडी घेऊन आलेली. पा म्हणजे मावशी. तिची मला फार काळजी वाटते, कारण तिची झाडं या वर्षी पहिल्यांदाच भरून आली होती. नवऱ्याने रोपं लावली आणि तो गेला. त्यानंतर हिने एकटीने पाणी घातलं, एकटीने दोऱ्यांनी फांद्या बांधल्या. आज पहिलं पीक गाडीत होतं. पण देठाला माझ्याकडून छापून निघालेली आमची चिकटपट्टी नसेल तर ट्रक फळ घेत नाही. आणि झाडावरून उतरवलेलं दुरियन कोणाची वाट बघत नाही. ते उकललं की परदेशी व्यापारी तोंड फिरवतो, मग उरतो तो आइस्क्रीमवाला, आणि तो देईल तोच भाव.

मोतने बटण दाबलं. मी जागा झालो, चिठ्ठी वाचली आणि मोठ्या थाटात ओरडलो, "मी सिरिमहाथनसोम्बत!"

"कोण?" हत्तीण म्हणाली.

"सिरिमहाथनसोम्बत. माझा कप्पा उघड."

"या नावाचा कप्पा इथे नाही. पुढच्या दारी विचारा."

"अगं, माझ्या चिठ्ठीवर हेच नाव आहे."

"रोज येतो तो ताव. आवाज ओळखीचा वाटतोय खरा, पण असे आवाज काढणारे पुष्कळ बघितलेत मी." आणि तिने खटकन दार लावलं.

मी परत हाक मारली. तिने परत हाकललं. मी तरी काय करणार? चिठ्ठीवर आहे तेवढंच मला येतं. शेवटी पडद्यावर लिहिलं, डिस्क सापडली नाही, आणि गप्प बसलो.

मोतने मान खाजवली. मला बंद करून चालू केलं. तेच. मग दाराकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "काल कोणी याला हात लावला होता का?"

"कोणी नाही," पी कोप म्हणाली. "काल कोण येतंय इथे? मी आले होते जरा पूजेला."

"काही बदललंत?"

"शपथ घेऊ? वायरसुद्धा हलवली नाही."

बिचारी खरंच बोलत होती. मग मोतने तार बदलली. दुसरी तार लावली, तिसरी लावली, मग पुन्हा पहिलीच लावली. तारा जिथे एकत्र येतात त्या डब्यामागे एक पाल राहते, तिला शिव्या घालून हुसकावलं. हत्तीणीला नुसती हाक मारून पाहिली, तर ती लगेच ओ देत होती. म्हणजे तार बरी, हत्तीण बरी. वजनकाट्याचं यंत्रही तिच्याकडूनच आपला वाटा घेतं, तेही मजेत जागं झालं होतं. मग मलाच काय धाड भरली होती? मोतच्या तोंडचं पाणी पळालं. माझं नाव पडद्यावर दर वेळी झळकत होतं, चांगलं लांबलचक, पण त्याने तिकडे एकदाही नजर टाकली नाही. घरच्या माणसाचं नाव कोण तपासून बघतं?

त्याने बँकॉकच्या विक्रेत्याला फोन लावला.

"बंद करून चालू केलंत?" तिकडून विचारणा झाली.

"सकाळपासून तेच करतोय."

"काही बदललं असेल."

"काही नाही बदललं हो. सगळ्यांना विचारलं."

"मग मी उद्या दुपारी येतो," असं म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

पी कोपने अंगणातल्या देवघरापुढे आणखी एक लाल सरबत ठेवलं. तिच्या मते नव्या नावाची शक्ती अजून माझ्या अंगात मुरायची होती, पण हे ती मोतला बोलली नाही. यंत्रवाल्यांना या गोष्टी कळत नाहीत, असं तिचं म्हणणं.

दुपार चढली तशी पा लमाई आतच आली. तिच्या हातात फळ वाजवून बघायची काठी होती, टोकाला रबर लावलेली. "मोत, तुझं यंत्र उठेपर्यंत माझी फळं उकलून हसायला लागतील," ती म्हणाली.

"पा, सगळं करून बसलोय. हात टेकले मी."

"बघू." आणि तिने माझ्या डोक्यावर काठीने टकटक केलं, कान लावला, परत टकटक केलं. "आतून भरीव वाजतंय. कच्चं आहे. एवढ्यात काही पिकत नाही हे."

सगळे हसले. ती मात्र हसली नाही. दाराबाहेर जाऊन गाडीच्या सावलीत बसली आणि एकेक फळ हातात घेऊन वाजवत राहिली. तो आवाज आत ऐकू येत होता म्हणे. मला तेव्हा काही कळत असतं आणि हात असते, तर मी माझी चिठ्ठी स्वतःच फाडली असती.

तेवढ्यात कुरियरवाला आला, घामाघूम, पँटची एक बाजू फाटलेली. "थन्यरत बाई इथेच का? पार्सल घेऊन तुमच्या घरी गेलो होतो. म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं या नावाचं कोणी राहत नाही, आणि कुत्रा सोडला."

पी कोपने तिथल्या तिथे फोन लावला. हातात पार्सल होतं म्हणून आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "आई, सकाळी पार्सल आलेलं परत का पाठवलंस?"

"ते कुठल्या थन्यरतचं होतं. आपल्याकडे कुठली आलीय थन्यरत?"

"आई, थन्यरत मीच ना. तीन वेळा सांगितलं तुला."

"असशील बाई. मी बेडकीला जन्म दिला. बेडकीचं काही आलं तर ठेवून घेईन. अनोळखी बायकांची पार्सलं घ्यायची म्हणजे आजकाल काय काय असतं त्यात."

मोत कोपऱ्यात बसून चिकट भाताचा गोळा तोंडात टाकत होता. त्याचा हात तसाच वर राहिला. पी कोपने वैतागून पार्सल फोडलं. आतून निघाली एक सोनेरी पाटी, त्यावर कोरलेली वळणदार अक्षरं.

"सिरिमहाथनसोम्बत," मोतने वाचलं. "हे कोणाचं नाव?"

"तुझ्या कासवाचं. काल मुहूर्त होता."

"तुम्ही तर म्हणालात काही बदललं नाही."

"यंत्रात नाही बदललं. नाव बदललं फक्त. नाव म्हणजे यंत्र का?"

मोत स्टुलावर बसला. स्टूल कळवळलं. मग तो मान वर करून इतका वेळ हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटतं त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. "पी कोप, सकाळपासून मी पालीला शिव्या घालतोय. हा बिचारा रोज उठतो, हत्तीणीला आपलं नाव सांगतो, ती त्याची आठवण त्याला देते. आज याने भलतंच नाव सांगितलं. हत्तीण म्हणजे तुमची आई. तिने कुत्रा सोडला."

"मग हत्तीणीला नवं नाव शिकव."

"तिची किल्ली बँकॉकवाल्याकडे आहे, आणि तो उद्या येणार. आज एकच करता येईल. याला परत ताव करायचं."

पी कोपचा चेहरा उतरला. ती पाटी तिने छातीशी धरली. "नाही. तू समजत नाहीस. मंत्रून ठेवलेलं नाव उलटं फिरवायचं नसतं. मी सोमसी असताना काय काय गेलं माझं, तुला माहीत आहे? दुकानाला कुलूप लावलं त्या दिवशी मी पायरीवर बसून रडले होते. मला कोणी परत सोमसी म्हटलं ना, तर उद्या सकाळी माझ्याकडे काही शिल्लक राहणार नाही." कोणी हसलं नाही.

बाहेरून पा लमाईची हाक आली, "एक फळ उकललं गं." ओरडून नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. मागोमाग वास आत आला.

आणि मग टेबलावरून आवाज आला. फोन चालूच राहिला होता. "बेडके, ऐकतेस का?"

"आई, तू अजून आहेस?"

"मग, तू बंद केलास का? मला नाही येत बंद करायला. एक सांग. तू सोमसी होतीस तेव्हा तुला जेवायला मी कोणत्या नावाने हाक मारत होते?"

"बेडकी."

"नवरा पळाला तेव्हा?"

"बेडकीच."

"त्या नावाने कधी उपाशी झोपलीस का? मग पाटी लाव त्याच्या बाहेर, सोन्याची लाव, हिऱ्याची लाव. घरात काय हाक मारायची ते घरच्यांचं त्यांना ठरवू दे. आणि येताना हिरवी मिरची आण."

पी कोपने फोन बंद केला. मग तिने पाटी मोतकडे दिली आणि माझ्यासमोर बसून हात जोडले. "ताव, रागावू नकोस हं. कागदावर तू मोठाच आहेस." आणि तिने स्वतः, त्याच एका बोटाने, जुनं नाव परत लिहिलं.

मी जागा झालो. चिठ्ठी वाचली. या वेळी थाट नव्हता, हळूच म्हणालो, "मी ताव."

पलीकडून हत्तीण कडाडली, "मेल्या, होतास कुठे सकाळपासून? इथे कोणी एक लफंगा तुझ्या आवाजात येऊन तुझा कप्पा मागत होता. चांगला पिटाळून लावला त्याला!"

तो लफंगा मीच, हे मला नंतर कळलं. तिने कप्पा उघडला आणि मला सगळं आठवलं. सगळ्यात आधी आठवली पा लमाईची बाग. तिची फळं ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढली, पण चढली, प्रत्येकाच्या देठाला आमची चिकटपट्टी. ट्रक फाटकाबाहेर पडेपर्यंत ती पायांवर उभी होती, मग गाडीच्या फळीवर बसली आणि चेहरा टोपीने झाकून घेतला. उकललेलं एक फळ तिने तिथेच कापून सगळ्यांना वाटलं, कुरियरवाल्यालासुद्धा. मोतने दुरियन आत न आणायचा नियम धाब्यावर बसवून ते माझ्याच शेजारी बसून खाल्लं. माझ्या पंख्यांना तो वास हंगाम संपेपर्यंत होता.

पाटी मात्र माझ्या छातीवर लागली. पुढे कितीतरी वर्षं मी बाहेरून महाधनसंपत्ती आणि आतून कासव होतो, आणि सांगायला हरकत नाही, संस्थेचं बरं चाललं. ज्योतिषी म्हणतो पाटीमुळे. मोत म्हणतो पाल हाकलल्यामुळे.

आता माझे दिवस भरलेत. एक पंखा गेला, दुसरा खोकतो. मला काढून फळांच्या टोपल्यांच्या खोलीत, कपाटाखाली ठेवलंय, तार मात्र अजून तोडलेली नाही. पाटी काढून घेतली, ती नव्या सर्व्हरला लावायची आहे. त्याच्या पोटात स्वतःची डिस्क आहे, त्याला कोणाला हाक मारावी लागत नाही. मला त्याचा हेवा वाटत नाही. सकाळी उठल्यावर ज्याला कोणी "आलास का?" म्हणत नाही, त्याच्या मोठेपणाचं मी काय करू? हत्तीणीने माझा कप्पा अजून रिकामा केलेला नाही. मोतने दोनदा तिला सांगायला घेतलं, पण पुसायची कळ दाबताना त्याचंच बोट अडतं.

तुम्हाला एकच मागणं आहे. नावं हवी तेवढी लांब घ्या, सोन्यात कोरा, मुहूर्तावर बदला. फक्त आपलं जुनं नाव माहीत असलेलं एक माणूस तारेच्या पलीकडे राहू द्या. आणि नवं नाव घेतलंत तर त्याला जाऊन सांगा, म्हणजे कोणाची पँट फाटणार नाही.

नवा सर्व्हर आला तेव्हा पी कोपने पाटी लावायच्या आधीच मोतला विचारलं, "घरचं नाव काय ठेवतोस?" इतकी ती शिकली. मोतने नव्या यंत्राचा वेग बघून त्याचं नाव ठेवलंय ससा.

ठेवा बापडे. मी कपाटाखाली आहे. मला काही घाई नाही.